बार्शीत उतरलेल्यांची बार्शी : अनुभव धागा

सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची ओळख करून देताना लोक भगवंताचं देऊळ सांगतात, बार्शी लाईट ही जुनी छोटी रेल्वे सांगतात आणि तिथंच थांबतात. दोन्ही खरं आहे, पण गाव कशावर उभं राहिलं ते त्यातून कळत नाही. माझं मत सांगतो, पटलं नाही तर खाली जरूर भांडा. बार्शी उभी राहिली ती बार्शीबाहेरच्या माणसांवर. सप्टेंबर १९४८ पर्यंत बार्शी तालुका आधी इंग्रजांच्या आणि मग स्वतंत्र भारताच्या मुलखात होता. उत्तरेला किंवा पूर्वेला थोडं गेलं की निजामाची हद्द लागायची. परांडा, भूम, कळंब, उस्मानाबाद, पुढं लातूर, सगळी मोगलाई. तिकडच्या शेतकऱ्याला ज्वारी विकायला, पोराला शिकवायला, दुखणं अंगावर आलं तर दाखवायला आणि जिवावर बेतलं तेव्हा आडोशाला यायला बार्शी जवळची. पुढं हद्द गेली, जिल्हे बदलले, उस्मानाबादचं धाराशिव झालं, तरी ती वाट मोडली नाही.

म्हणून हा धागा. बार्शीत जन्मलेल्यांनी लिहावंच, पण बार्शीत कधी ना कधी उतरलेल्यांनी आधी लिहावं. ऐकीव असेल तर कुणाकडून ऐकलं ते सांगा. सन आठवत नसेल तर दुष्काळाच्या आधी की नंतर एवढं पुरे, आपल्याकडं बहात्तर म्हटलं की सगळ्यांना कळतं. घरच्या-दारच्या माणसांची नावं मात्र नकोत.

सुरुवात मी करतो. आजोबा एका आडत दुकानात दिवाणजी होते. त्यांच्या बोलण्यात रुपये दोन प्रकारचे असायचे, कलदार म्हणजे इंग्रजी आणि हाली. निजामाचा हाली शिक्का वेगळा, त्याचा भाव कलदारापेक्षा कमी. भूमकडचा शेतकरी ज्वारी घालून पट्टी घ्यायचा ती कलदारात, आणि गावी सारा भरायला लागायची हाली. मग बदलून देणारे आले, त्यांची वटणावळ आली. वाटेत करोडगिरीचा नाका, तिथला खोळंबा वेगळा. आजोबा सांगायचे, गाडी संध्याकाळी आली की तोलाई दुसऱ्या दिवशी, म्हणून दुकानामागच्या पडवीत शेतकऱ्यांचा मुक्काम. बैलांना कडबा दुकानाचा, भाकरी ज्याची त्यानं बांधून आणलेली, कालवण आडत्याच्या घरचं. त्या पडवीतच सोयरिकी जुळल्या, उसनवाऱ्या ठरल्या, कुणाच्या पोराला बार्शीत शाळेला ठेवायचं ते ठरलं. भाव रुमालाखाली बोटं धरून व्हायचा. ही हत्त्याची पद्धत शेतकऱ्याला अंधारात ठेवणारी होती आणि ती गेली हे फार बरं झालं. उघड लिलाव म्हणजे काय हे ज्यांनी रुमाल पाहिला त्यांनाच कळतं. पण पडवीही गेली. ती जायला नको होती.

आता तुम्ही लिहा.

वडील कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर

बार्शी लाईटच्या हळू चालण्याच्या गमती सगळे सांगतात. ती का आणि कशी झाली ते मी लिहितो, कारण आमच्या घरात तेच बोललं जायचं. मुंबईहून निघालेली जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे बार्शीला आलीच नाही, ती कुर्डुवाडीवरून गेली. त्या स्टेशनाचं नाव तेव्हा बार्शी रोड. बार्शी तिथून २१ मैल. एवढ्या मोठ्या पेठेचा माल बैलगाड्यांनी त्या स्टेशनावर यायचा. जीआयपीत नोकरीला असलेल्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरनं हे पाहिलं आणि त्याच्या डोक्यात ते बसलं. १८९५ मध्ये लंडनला कंपनी नोंदवली गेली आणि १८९७ मध्ये बार्शीपर्यंत गाडी आली.

रुळांतलं अंतर अडीच फूट. खरं डोकं होतं ते वजनाच्या हिशोबात. इंजिन असो, डबा असो, मालाची वाघीण असो, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही. त्यामुळं हलके रूळ चालले, पूल हलके झाले, खर्च आवाक्यात आला आणि माल मात्र भरपूर ओढता आला. इंजिनं लीड्सच्या किटसन कारखान्यातली, आठ चाकं एकमेकांना जोडलेली. लहान रूळाच्या रेल्वेचा अभ्यास करणारे आजही बार्शीचं नाव घेतात ते याच्यासाठी. पुढं १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. म्हणजे बघा, लातूर निजामाचं, पण त्याच्या मालाला मुंबईची वाट मिळाली ती बार्शीवरून. १ जानेवारी १९५४ ला सरकारनं ही रेल्वे विकत घेतली. (कॅलथ्रॉपनं पुढच्या आयुष्यात विमानातून उडी मारायची छत्री तयार केली, हे वडिलांना कुठून कळलं होतं कोण जाणे, पण ते खरं निघालं.)

आषाढीच्या दिवसांत वडील घरी दिसायचेच नाहीत. डबे कमी पडायचे, टपावर माणसं, पायरीवर माणसं. वर्कशॉपमधली माणसं त्या दिवसांत स्वतःला वारकरीच समजायची. पंढरपूरला न जाताच.

शिक्षिका, निवृत्त. आजोळ कळंब तालुक्यातलं

मी आजीकडून ऐकलेलं लिहिते. १९४८च्या पावसाळ्यात पेरणी झालेली होती. रझाकार शेजारच्या गावात येऊन गेल्याची बातमी आली आणि दोन रात्रींत अर्धं गाव रिकामं झालं. आजोबा मागं राहिले, ढोरांसाठी. आजी तीन लेकरं आणि सासूला घेऊन इतर बायांबरोबर रात्री चालत हद्द ओलांडून आली. दिवसा ज्वारीच्या फडात बसून काढायचा. बार्शीत त्यांना एका वखारीत जागा मिळाली, पोत्यांच्या थप्प्यांमध्ये. ती वखार ज्या आडत्याची, त्याच्याकडं आजोबांचा माल जायचा, एवढीच ओळख. आजी म्हणायची, "त्यांनी इचारलं न्हाई किती दिस. इचारलं असतं तर सांगता आलं नसतं."

१३ सप्टेंबरला फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, १७ ला निजाम शरण आला. आजी दसऱ्याच्या सुमारास परत गेली. घर होतं, भांडी नव्हती. पण पुढच्या वर्षी तिनं थोरल्या मुलाला, म्हणजे माझ्या मामाला, बार्शीला शाळेत घातलं. गावात चौथीपुढं शिकायचं तर तोवर उर्दूतून शिकावं लागायचं, आता तसं राहणार नव्हतं, तरी तिचा बार्शीवरचाच विश्वास मोठा.

बार्शी, किराणा व्यापारी

वरचं वाचलं आणि लिहायला बसलो. आमचं घर मुसलमान. आमचे आजोबाही हद्दीपलीकडून बार्शीत आले, पण त्याच वर्षी थोडं नंतर, फौजांची कारवाई झाल्यावर. रझाकारांशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. सूड कुणावर उगवला गेला हे तिकडच्या जुन्या माणसांना माहीत आहे. घर, शेत, विहिरीवरची मोट, सगळं सोडून ते आले. बार्शीत त्यांना ज्यानं पहिलं उधार सामान दिलं तो वाणी हिंदू होता आणि त्याचे नातेवाईक महिनाभर आधी असेच पळून आले होते. त्या दोघांनी एकमेकांना काय सांगितलं असेल ते मला माहीत नाही. आजोबांनी आम्हाला एवढंच सांगितलं की बार्शीत उधारी बुडवायची नाही. दुकान अजून चालू आहे.

धागाकर्ता

हे दोन अनुभव एकाखाली एक आले याचं मला मोल वाटतं. १७ सप्टेंबरला झेंडावंदन होतं, भाषणं होतात, आणि पहिल्या गोष्टीइतकी दुसरी सांगितली जात नाही. बार्शी दोघांचीही साक्षीदार आहे.

मूळ गाव भूम तालुक्यात, बोर्डिंगातला विद्यार्थी, सध्या पुणे

माझ्या आधीच्या दोन पिढ्यांत अंगठाच होता. बार्शीत कर्मवीर मामासाहेब जगदाळे यांनी १९३०च्या दशकात खेड्यातल्या पोरांसाठी शिक्षणाचं काम सुरू केलं, बोर्डिंग काढलं, त्यातून श्री शिवाजी शिक्षण प्रसारक मंडळ वाढलं. मी तिथं आलो दुष्काळाच्या बऱ्याच आधी. वडिलांनी डोक्यावर ज्वारीचं पोतं आणि हातात माझी ट्रंक धरून मला सोडलं.

धागाकर्त्यानं बार्शीचं कौतुक केलंय म्हणून एक खडा टाकतो. वर्गात आम्हाला "मोगलाईतली" म्हणायचे. आमच्या बोलण्याला हसायचे. मराठवाडा राज्यात येऊन वर्षं झाली होती तरी हे चालू होतं. बार्शीनं आम्हाला घेतलं, पण लगेच आपलं मानलं असं नाही. ते मानून घ्यायला गणितात पैकीच्या पैकी मिळवावे लागले, कबड्डीत पाय तोडून घ्यावे लागले. मात्र बोर्डिंगात कुणी कुणाला असं म्हणत नव्हतं, कारण तिथं सगळेच कुठून तरी आलेले. पहाटे उठून झाडलोट, पाणी भरणं, स्वतःचं ताट स्वतः घासणं. रविवारी पोस्टकार्ड लिहायचं. ज्यांच्या घरी वाचणारं नव्हतं त्यांची पत्रं गावातल्या मास्तरांच्या पत्त्यावर जायची. माझी मास्तरच वाचून दाखवायचे, आईला आवडेल असं थोडं त्यात घालून. हे मला मास्तर वारल्यावर कळलं.

बोर्डिंगच्या त्या एका मजल्यावरून पुढं मामलेदार झाले, डॉक्टर झाले, आमदार झाले. मी बँकेत गेलो. आमच्या गावातला पहिला पदवीधर.

मिल कामगाराची मुलगी

भोंग्याबद्दल कुणी लिहिलं नाही अजून? आमच्या लहानपणी बार्शीत घड्याळ फार थोड्या घरांत होतं आणि गरज कुणालाच नव्हती. लोकमान्य मिल, जयशंकर मिल, आणखी जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने. पहाटेचा भोंगा झाला की आई चुलीला लाकडं लावायची. माझे वडील साळखात्यात. कानानं कमी ऐकू यायचं त्यांना, मागांच्या आवाजानं. घरी मोठ्यानं बोलायचे आणि पाहुणे दचकायचे.

शाहीर अमर शेख आमच्या गावचे. १९१६ चा त्यांचा जन्म, बार्शीचाच. शाहीर म्हणून महाराष्ट्रभर गाजले त्याच्या आधी ते इथल्या मिलमध्ये कामगार होते. वडिलांच्या खात्यात त्यांना पाहिलेली म्हातारी माणसं होती. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी त्यांचा आवाज मैदानात कर्ण्याशिवाय शेवटपर्यंत पोचायचा असं वडील सांगायचे, आणि हे सांगताना स्वतःही उभे राहून हात वर करायचे.

वडिलांची मिल आधी बदलीवर आली, मग आठवड्यातले काही दिवस, मग बंद. मिलचं नाव लिहीत नाही. आमची देणी कधीच पूर्ण मिळाली नाहीत. आई पापड लाटायला लागली. शेजारणी, ज्यांचे नवरे त्याच मिलमध्ये होते, त्या सगळ्याच लाटायला लागल्या, म्हणून पापडाचा भाव पडला. ही गोष्ट अर्थशास्त्राच्या तासाला मास्तरांना सांगितली होती मी. ते काही बोलले नाहीत, पण परीक्षेची फी त्यांनी भरली.

निवृत्त वकील, सोलापूर

मिलचा विषय निघालाच आहे तर एक नोंद. बार्शी बरो म्युनिसिपालिटीनं मिलच्या इमारतींना घरपट्टी लावली ती चौरस फुटांच्या हिशोबानं, दर शंभर चौरस फुटांना ठरावीक आकार. लोकमान्य मिल त्याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९६१ मध्ये जिंकली. न्यायालयानं म्हटलं की इमारत भाड्यानं दिली तर वर्षाला काय येईल ते आधी ठरवलं पाहिजे, नुसत्या क्षेत्रफळावरून सरसकट आकारणी कायद्यात बसत नाही. नगरपालिकांच्या करआकारणीचे खटले चालवताना आम्ही हा निवाडा काढायचो. एवढ्याशा गावातल्या घरपट्टीचं भांडण, पण त्याचा दाखला देशभर दिला गेला. नगरपालिका हरली हे बार्शीकर म्हणून वाईट वाटतं, वकील म्हणून निर्णय बरोबर वाटतो.

वैरागकडचं खेडं. आजी सांगते, नातू टाइप करतोय

बहात्तरला मी दोन लेकरांची आई. हिरीला पानी न्हाई, आडाला न्हाई. ढोरं बार्शीच्या बाजारात नेली तर घेनारं कोन? धा जणांच्या दावनीची ढोरं एकाच दिशी बाजारात. आमच्या मालकानं खिलारी जोडी इकली ती कडब्याच्या भावात. आल्यावर जेवला न्हाई, तोंड फिरवून निजला.

मग काम निघालं. पाझर तलाव, रस्त्याची खडी. बाया खडी फोडायच्या, डोळ्याला गॉगल न्हाई, पदर आडवा धरायचा. मुकादम मस्टरवर आंगठा घ्यायचा. हप्त्याला पैसं. आयुष्यात पयल्यांदा माझ्या हातात माझं पैसं आलं, हे बी खरं हाय. सुकडी मिळायची लेकरांस्नी. रेशनला तांबडी मिलो, परदेशातली. तिची भाकरी थापताना चिरायची, गिळताना घशाला लागायची. आमी मालदांडी खानारी मानसं. पर खाल्ली. जगलो तिच्यावर.

त्या तलावात आज बी पानी साठतं. माझ्या नावाचं त्यात कायतरी आसंल.

*(नातवाची भर : मालदांडीची सुधारलेली निवड, एम ३५-१, आमच्याच जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रातली. आजीला हे सांगितलं तर म्हणाली, "मोहोळच्या आधी आमच्या कणगीत व्हती.")*

धागाकर्ता

आजींना दंडवत. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्रानं १९७७ मध्ये केला, पण योजना या बहात्तरच्या खडीवरच आकाराला आली. पुढं देशाचा कायदा झाला तेव्हा महाराष्ट्राचा दाखला दिला गेला. त्याच्या मुळाशी या बाया आहेत.

आरोग्य सेविका म्हणून काम केलं, आता घरीच

मी मोठं लिहिणार आहे, कारण बार्शीतल्या या कामाबद्दल बार्शीतल्याच लोकांना फार कमी माहीत आहे.

आगळगाव रस्त्यावरचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल सगळ्यांना ठाऊक आहे. उस्मानाबाद, बीड, लातूरकडचे पेशंट एसटीनं उतरतात आणि रिक्षावाल्याला नुसतं "कॅन्सर" म्हणतात, तो बरोबर नेतो. पण १९८७ मध्ये या गावात आणखी एक गोष्ट सुरू झाली. टाटा मेमोरियलच्या मदतीनं बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या ३४६ गावांची कर्करोग नोंदणी. भारतात खेड्यापाड्यातली अशी पहिली. मोठ्या शहरांत नोंदणी दवाखान्यांच्या कागदांवरून होते. आमच्याकडं दवाखान्यापर्यंत माणूस पोचायचाच नाही, तो घरातच जायचा आणि लोक म्हणायचे, गाठ होती. म्हणून माणसं गावोगाव पाठवली. पोलीस पाटील, शिक्षक, दाई, सगळ्यांशी बोलायचं. कुणाला न दुखणारी गाठ आहे का, बाईला अवेळी अंगावर जातंय का, तोंडातली जखम भरत नाही का. विचारता विचारता माहितीही द्यायची. त्याचा उपयोग असा झाला की लोक लवकर यायला लागले.

मग आलं ते मोठं काम. १९९९ च्या सुमारास उस्मानाबाद जिल्ह्यातल्या बायकांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावरची संस्था, टाटा आणि आमचं बार्शीचं हॉस्पिटल मिळून. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ गट. मी त्यातल्या एका गाडीवर होते.

"पिशवीची तपासणी" म्हटलं की दारं लागायची. नवरा म्हणायचा, तिला काय झालंय? सासू म्हणायची, आमच्यात न्हाई चालत. आम्ही आधी नुसतं जाऊन बसायचो. चहा प्यायचा, शेंगा फोडायच्या, पोरांची नावं विचारायची. एका गावात कुणीच येईना, तेव्हा सरपंचांची म्हातारी आई उठली. वयात बसत नव्हती ती, साठीच्या वर होती. म्हणाली, "मला बघा आधी, मग ह्या पोरी येतील." तिला कागदावर घेता येत नव्हतं. पण ती पडद्याआड जाऊन नुसती बसली, बाहेर आली आणि म्हणाली, काय न्हाई, सोपं हाय. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत रांग.

शाळेची खोली, खिडकीला चादर, टेबल, बॅटरी. काही गावांत कापसाच्या बोळ्यानं पातळ व्हिनेगर लावून डाग दिसतो का बघायचं. काही गावांत पेशींचा नमुना काचेवर. काही गावांत एचपीव्ही, म्हणजे हा कर्करोग ज्याच्यामुळं होतो त्या विषाणूसाठी नमुना. चौथ्या गटातल्या गावांना माहिती आणि नेहमीची आरोग्यसेवा एवढंच. त्यावरून पुढं नैतिकतेची मोठी चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. २००९ मध्ये निष्कर्ष न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आले. आयुष्यात एकदाच केलेली एचपीव्ही तपासणी या रोगानं होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणते, हे आमच्या या कोरडवाहू गावांतल्या बायकांमुळं जगाला कळलं. जगभर आज एचपीव्हीची तपासणी करा म्हणतात, त्याच्या आधारांमध्ये हा अभ्यास आहे.

त्या बायका कोण? भूमच्या, कळंबच्या, वाशीच्या. ज्यांच्या आज्या रात्री हद्द ओलांडून आल्या होत्या, त्यांच्याच नाती. वरचा शिक्षिका बाईंचा अनुभव वाचला तेव्हा हे माझ्या लक्षात आलं आणि मी थांबून पुन्हा वाचला.

बार्शी, देवळाजवळ राहणारे

थोडं देवाचंही. अंबरीष राजाची द्वादशी मोडू नये म्हणून विष्णू धावून आला ती कथा आमच्या गावची. पंढरपूरची एकादशी करून पारणं फेडायला बार्शीला यायचं ही जुनी रीत. माझ्या लहानपणी द्वादशीला आमच्या वाड्याचं दार उघडंच असायचं. कोण कुठला हे न विचारता आई वाढत राहायची. ज्यांना धागा पटतोय त्यांना सांगतो, आमच्या देवाकडं येणारेही बाहेरचेच आणि त्यांना जेवू घालणं हाच आमचा सण.

बार्शी, वय पंचवीस

माझ्याकडं जुनं काही नाही. मी लहान होतो तेव्हा लाईटचे रूळ काढले. ऑक्टोबर २००८ मध्ये मोठी गाडी आली. जुनी लाईन येडशीवरून सरळ लातूरकडं जायची, उस्मानाबाद बाजूला राहायचं. नवीन मार्ग वळवून उस्मानाबादवरून नेला. त्यांना पहिल्यांदा रेल्वे मिळाली, आणि मला वाटतं ते योग्य झालं. आजोबांना वाटत नाही. ते म्हणतात, लाईट गावातली होती, ही गाडी गावावरून जाते.

पण रात्री मुंबईच्या गाडीला फलाटावर उभं राहा. बार्शीची पोरं जातात, तशी बाहेरगावची पोरंही इथूनच चढतात. यूपीएससीवाले, नर्सिंगवाले, पुण्यात कंपनीत असलेले. आई-बाप टमटमनं सोडायला आलेले. डब्यात धपाटी आणि शेंगाचटणी. गोरमाळ्याच्या सीताफळांच्या पेट्या पण बघितल्या मी एकाच्या हातात, मामाला द्यायला चालला होता. गोरमाळं आमच्याच तालुक्यातलं, तिथल्या नवनाथ कसपटेंचं एनएमके-१ वाण आता दूरदूरच्या राज्यांत लागलंय.

शेतकरी, भूम तालुका

एवढे सगळे शिकलेले लिहितायत, मी थोडंच लिहितो. आमचा जिल्हा धाराशिव, तालुका भूम. सातबारा भूमला, कोर्ट धाराशिवला, कलेक्टर धाराशिवला. पण सोयाबीन बार्शीला. तूर बार्शीला. वडिलांचं डोळ्याचं ऑपरेशन बार्शीला झालं, बायकोचं बाळंतपण बार्शीला. मोटारीची वायंडिंग बार्शीला. सोनार बार्शीचा, तो आमच्या चुलत्यांना नावानं ओळखतो. सरकारनं हद्द कुठंही काढली तरी आमचा बाजार तोच. या उन्हाळ्यात भाचीचं लग्न होतं. धाराशिवला मोठी दुकानं झाली आहेत, सोयऱ्यांनी तिकडं चला म्हणून आग्रहही केला. आमच्या म्हातारीनं ऐकलं नाही. दोन टेम्पो भरून बस्ता बांधायला गेलो ते बार्शीलाच, दिवसभर साड्या बघितल्या, आणि दुकानदारानं सगळ्यांना जेवायला घातलं.